‘निधी नाही’ म्हणजे नेमका कोणता निधी नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावाला तालुक्याशी जोडणारा सहा किलोमीटरचा रस्ता चार वर्षं खड्ड्यांत आहे आणि दुरुस्तीला निधी नाही, असं दरवेळी ऐकायला मिळतं. त्याच चार वर्षांत गावात दोन सभामंडप उभे राहिले, गल्ल्यांत पेव्हर ब्लॉक बसले, घरातल्या बायकांच्या खात्यावर दरमहा पैसे यायला लागले. मग सरकारकडे पैसा आहे की नाही? आणि अर्थसंकल्प पुढारी ठरवतात, की अर्थसंकल्पच पुढाऱ्यांना नाचवतो?

मी राज्याच्या वित्त विभागात, अर्थसंकल्पाच्या कामात, बरीच वर्षं काढली. विभागांच्या मागण्यांना जिथे कात्री लागते, त्या टेबलामागे. तिथून जे दिसलं ते सांगतो. तुमचा रस्ता नेमका कशामुळे अडला, हे मात्र मला इथून कळणार नाही. रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आमदार सत्तेत की विरोधात, मधल्या काळात सरकार बदललं का, ठेकेदाराने काम अर्धवट टाकलं का, या सगळ्यावर उत्तर फिरतं. पण सभामंडपाला पैसे आहेत आणि डागडुजीला नाहीत, हे चित्र मी इतक्या जिल्ह्यांच्या कागदांत पाहिलंय की त्याला योगायोग म्हणवत नाही.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे, ते आधी बाजूला काढू. सरकारचा पैसा म्हणजे एक मोठी तिजोरी, आणि मंत्री हवं तिथे हात घालतो, असं आपण समजतो. प्रत्यक्षात सरकारी पैशाला गोत्र असतं. प्रत्येक रुपयावर लेखाशीर्षाचा, म्हणजे तो कशावर खर्चायचा हे सांगणाऱ्या आकडी खुणेचा, शिक्का असतो, आणि एका शीर्षाचा रुपया दुसरीकडे न्यायचा तर त्याला वेगळी मंजुरी लागते. शीर्षाचा पहिला आकडा पाहिला तरी पुष्कळ कळतं. २ किंवा ३ ने सुरू होणारं शीर्ष महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चाचं; ४ किंवा ५ ने सुरू होणारं भांडवली, म्हणजे मालमत्ता उभी करण्याच्या खर्चाचं. बांधकाम खात्यात कुणालाही विचारा, ‘३०५४’ म्हणजे रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती आणि ‘५०५४’ म्हणजे नवं काम, हे तो झोपेतही सांगेल. तुमचे खड्डे ३०५४ मध्ये मोडतात. त्याच रस्त्याचं रुंदीकरण करून काँक्रीट करायचं ठरलं, तर ते ५०५४.

या दोन आकड्यांच्या मागे वेगवेगळं राजकारण उभं आहे. महसुली खर्च त्या वर्षाच्या करातून भागवावा आणि कर्ज काढायचं ते मालमत्ता उभी करण्यासाठी, हे जुनं तत्त्व. केंद्राचा राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा २००३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा; दोन्हींच्या मुळाशी हाच विचार. त्यात २०२०-२१ पासून केंद्र सरकार राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षं मुदतीचं बिनव्याजी कर्ज देतं, आणि ते राज्याच्या नेहमीच्या कर्जमर्यादेच्या वर मिळतं. पन्नास वर्षं, व्याज शून्य! कोणता अर्थमंत्री ते सोडेल? पण त्यातून खड्डा बुजवता येत नाही. म्हणून चांगल्या रस्त्याची वेळेवर डागडुजी करण्यापेक्षा तो पुरता खराब होऊ देणं आणि मग नव्याने करणं राज्याच्या हिशेबात सोपं पडतं. हे कुणी कट करून ठरवत नाही. नियमांचा उतार त्या बाजूला आहे, पाणी तिकडे वाहतं. शिवाय खड्डे बुजवल्याचं भूमिपूजन होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता सभामंडप. तुम्ही म्हणाल, तो भांडवली असणार. तिथे मात्र गंमत आहे. गावातले सभामंडप, पेव्हर ब्लॉक, स्मशानशेड ही कामं बहुतेक ‘२५१५’ मधून होतात. ग्रामीण भागात लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांचं हे शीर्ष, आणि ते २ ने सुरू होतं, म्हणजे महसुली. मघाचा नियम इथे लंगडा पडतो. कारण इथे प्रश्न पैसा कोणत्या प्रकारचा हा उरत नाही, पैसा कोणाच्या शब्दावर सुटतो हा होतो. ३०५४ चा पैसा यादीने, किलोमीटरने, अभियंत्याच्या अहवालाने वाटला जातो. २५१५ चा पैसा पत्राने सुटतो. ज्याचं पत्र, त्याची पाटी. दहा लाखांच्या सभामंडपावर नाव कोरता येतं, सहा किलोमीटरच्या डांबरावर कुठे कोरणार? आणि तेवढ्या दहा लाखांत तुमचा सहा किलोमीटरचा रस्ता होतही नाही. लहान आकड्याचं काम अनेक गावांत वाटता येतं, हे आमदाराच्या दृष्टीने त्याचं सगळ्यात मोठं बलस्थान.

हाच धागा पकडून बघा, पालकमंत्रिपदासाठी इतकी ओढाताण का होते. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो. जिल्हा वार्षिक योजनेतली कोणती कामं आधी घ्यायची, हे त्या बैठकीत ठरतं. एखाद्या मंत्र्याचं खातं राज्यभर मोठं असेल, पण स्वतःच्या जिल्ह्याची समिती दुसऱ्याच्या हातात गेली, तर त्याची झोप उडते. आघाडी किंवा युतीचं सरकार असलं की हे भांडण मंत्रिमंडळ विस्ताराच्या भांडणाइतकंच लांबतं. बाहेरून तो मानापमानाचा प्रयोग वाटतो, आतून तो निधीच्या चावीचा वाद असतो.

साधा आमदार मात्र या खेळात कागदावर फार दुबळा आहे. राज्यघटनेच्या २०३ व्या कलमाप्रमाणे विधानसभा एखादी अनुदानाची मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. त्यामुळे आपल्या तालुक्याला जास्त पैसे हवेत हे सभागृहात मांडायला आमदार काय आणतो? कपात सूचना! मागणीतून शंभर रुपये कमी करा म्हणायचं आणि भाषणात शंभर कोटी मागायचे. परक्या माणसाला हे समजावताना माझी नेहमी दमछाक झाली आहे. सभागृहात वाढवता येत नाही म्हणून खरी मागणी सभागृहाबाहेर होते, मंत्र्याच्या दालनात. आणि तिथे निधीच्या बदल्यात निष्ठा मोजली जाते. सत्तेबाहेरचा आमदार ‘विकासासाठी’ सत्तेकडे सरकतो, तेव्हा त्या शब्दाची टिंगल होते. माझ्या मते त्यात अर्ध सत्य असतंच. मतदारसंघ पाच वर्षं कोरडा ठेवला तर काय होतं, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

बरं, पण हे सगळं भांडण किती पैशांवर? महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये धरली होती आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. म्हणजे वर्ष सुरू होतानाच ४५,८९१ कोटींची महसुली तूट. त्या जमेतला निम्म्याहून अधिक पैसा पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांवरच जातो. याला आम्ही बांधील खर्च म्हणतो, आणि कोणताही मुख्यमंत्री आला तरी तो हलत नाही. मग शाळा-महाविद्यालयांची अनुदानं, वीजसवलती, केंद्राच्या योजनांमधला राज्याचा हिस्सा. बहुतेक मोठ्या योजनांत केंद्राचे ६० तर राज्याचे ४०, आणि आपले ४० भरले नाहीत तर ते ६० ही अडकतात. एकदा नव्याने शपथ घेतलेले एक मंत्री आमच्याकडे आले. खात्याचा आकडा ऐकून चेहरा फुलला होता. मी पेन्सिलने एकेक ओळ खोडत गेलो. शेवटी जे उरलं ते पाहून ते म्हणाले, “एवढंच? मग मला मंत्री कशाला केलं?” प्रश्न रास्त होता. अर्थसंकल्प लाखो कोटींचा असतो, राजकारण मात्र त्या उरलेल्या कडेवर खेळलं जातं, आणि जागा अरुंद असली की धक्काबुक्की जास्त होते.

जमेची बाजू लोक विसरतात, म्हणून दोन शब्द तिच्यावर. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या हातातले बहुतेक अप्रत्यक्ष कर त्यात गेले. महसूल वर्षाला १४ टक्क्यांनी वाढेल असं धरून, कमी पडेल ते पाच वर्षं भरून देण्याची हमी केंद्राने दिली, तेव्हा कुठे राज्यं तयार झाली. ती हमी जून २०२२ ला संपली. आज राज्याला स्वतःच्या निर्णयाने हलवता येतील असे मोठे कर मोजकेच: पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मद्य, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क. तेव्हा दारूच्या परवान्यांचं धोरण, रेडीरेकनरचे (जमीन-घरांचे सरकारी) दर, जमिनींच्या विकासाचे नियम यांवरचे निर्णय वाचताना त्यामागे महसुलाचा विचार किती आहे, हे जरूर पाहा. आणि महापालिकांचं तर आणखी अवघड. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला, आता त्या मोठ्या प्रमाणात राज्याच्या भरपाईवर जगतात. ज्या महापौराला वरून येणाऱ्या हप्त्याची वाट बघावी लागते, तो वरच्यांशी कोणत्या आवाजात बोलेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

राज्य आणि केंद्राचंही हेच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला, पण उपकर आणि अधिभार, म्हणजे केंद्र करावर वरून लावतं त्या जादा आकारण्या, त्या वाटपात येतच नाहीत. म्हणून केंद्राने कर वाढवला की उपकर वाढवला, यात राज्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक. कर्जाचंही तसंच: केंद्राचं कर्ज बाकी असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायला राज्यघटनेच्या २९३ व्या कलमाखाली केंद्राची संमती लागते. केरळने याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०२४ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: मोकळा पैसा थोडा, त्यातला काही फक्त नव्या बांधकामालाच लावता येतो, काही कोणाच्या तरी पत्रावर सुटतो. तुमचा खड्डा या दोन्हींत बसत नाही.

आता खात्यावर येणाऱ्या पैशांकडे वळू. यात तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे तारीख. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात जाहीर झाली, वर्षाचा खर्च ४६,००० कोटींच्या घरात सांगितला गेला, आणि मतदान झालं २० नोव्हेंबरला. तुमच्या गावचा रस्ता मनावर घेतला असता तरी अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, पावसाळा यांत त्या पाच महिन्यांत एक किलोमीटरही झाला नसता. थेट खात्यावरचा पैसा मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून पोचतो. यात एकाच पक्षाकडे बोट दाखवू नका. मध्य प्रदेश, कर्नाटक, तमिळनाडू, तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी २०२३ मध्ये याच धर्तीच्या योजना सुरू केल्या.

मी स्वतः अशा योजनेच्या विरोधात नाही. ज्या बाईच्या हातात कधी स्वतःचे पैसे आले नव्हते, तिला दीड हजार म्हणजे काय, हे मंत्रालयात बसून कळत नाही. माझी तक्रार गुणाकाराबद्दल आहे. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००; एक कोटी लाभार्थी म्हणजे १८,००० कोटी, आणि या योजनेत लाभार्थी दोन कोटींच्या वर गेल्या. प्रचारात दीड हजाराचे २,१०० करण्याचं आश्वासन आलं. महिन्याला सहाशे ऐकायला किरकोळ वाटतात, पण दर एक कोटी लाभार्थ्यांमागे ते वर्षाला ७,२०० कोटी होतात. निवडणूक झाल्यावर अशा योजनेची छाननी सुरू होते आणि तरतूद घटते, ती यामुळेच. २०२५-२६ ला ३६,००० कोटी ठेवले गेले. योजना बंद करायची राजकीय हिंमत सहसा कुणात नसते, पुढे आलेलं नवं सरकारही बहुधा ती उचलूनच धरतं. मग तो पैसा येतो कुठून? जिथे आवाज उठणार नाही तिथून. ठेकेदारांची देयकं थकतात, रिक्त पदं भरली जात नाहीत, ३०५४ ला कात्री लागते.

हे वेगळ्या पद्धतीने करता येतं, आणि याच महाराष्ट्राने ते करून दाखवलंय. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, तेव्हा १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर लावला गेला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा खडी फोडणाऱ्या मजुराच्या हजेरीपटाला जाणार, हे उघड सांगून. पगारपत्रकावरची ती कपात अजून चालू आहे. खर्च आणि त्याचा कर एकाच वेळी जनतेपुढे ठेवण्याचं इतकं ठळक उदाहरण माझ्या काळात पुन्हा फारसं पाहायला मिळालं नाही. आज योजना व्यासपीठावरून जाहीर होते आणि तिची किंमत राज्य ज्यातून कर्ज उचलतं त्या मंगळवारच्या रोखे लिलावात, कुणाचं लक्ष नसताना, चुकती होते.

तारखेचा याहून धूर्त खेळ सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनचा, जिथे ठरलेलं निवृत्तिवेतन थेट तिजोरीतून दिलं जातं. नव्या योजनेत सरकारला कर्मचाऱ्याच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्के वाटा दरमहा भरावा लागतो. जुनी योजना परत आणली की ते हप्ते थांबतात. म्हणजे जाहीर करणाऱ्या सरकारला त्याच वर्षी बचत दिसते! खर्च कधी येतो? महाराष्ट्रात नवी योजना १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना. त्यांची मोठी तुकडी निवृत्त होईल २०३० च्या दशकात. कर्मचारी आज खूश, तिजोरी आज हलकी, आणि बिल दहा-पंधरा वर्षांनी येणाऱ्या कुण्या मुख्यमंत्र्याच्या नावावर. राजस्थानने २०२२ मध्ये हा निर्णय घेतला तेव्हा आमच्याकडे चहाच्या वेळी दुसरा विषयच नव्हता. असा प्रस्ताव टेबलावर असताना ‘दूरगामी भार’ असा शेरा लिहिणारा अधिकारी किती एकटा असतो, ते मी पाहिलंय. मंत्रिमंडळापुढच्या टिप्पणीत वित्त विभागाचे अभिप्राय जोडलेले असतात, सगळ्यांना ते माहीत असतात, आणि निर्णय त्यांच्या विरुद्ध होऊ शकतो. तो अधिकार मंत्रिमंडळाचा आहे, तसाच असायला हवा. लोकांनी आम्हाला निवडून दिलेलं नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘दोन्ही’ असं गुळमुळीत नाही. चांगल्या वर्षांत पुढारी अर्थसंकल्पाला वळवतात, टंचाईच्या वर्षांत तो त्यांना. ४ मे २०२० चा शासन निर्णय आठवा: कोविडमुळे विकासकामांसाठी तरतुदीच्या फक्त ३३ टक्के निधी मिळेल, नवी भरती बंद. त्या दिवशी एकाही मंत्र्याकडे धोरण उरलं नव्हतं. उरला होता तो एकच झगडा, आपलं खातं ‘प्राधान्याच्या’ यादीत बसवण्याचा.

आता तुमच्या रस्त्याचं. ‘निधी नाही’ हे वाक्य यापुढे स्वीकारू नका, त्याचे तुकडे करून विचारा. आधी रस्त्याचा दर्जा शोधा: ‘ग्रामा’ म्हणजे ग्रामीण मार्ग किंवा ‘इजिमा’ म्हणजे इतर जिल्हा मार्ग असेल तर तो जिल्हा परिषदेकडे, ‘प्रजिमा’ म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर बांधकाम विभागाकडे. चुकीच्या दारात चार वर्षं अर्ज देणारी गावं मी पाहिली आहेत. मग माहितीच्या अधिकारात विचारा: प्रशासकीय मान्यता झाली का, काम कोणत्या लेखाशीर्षात आहे, तरतूद किती, आणि बीम्स या राज्याच्या निधी-वितरणाच्या संगणक प्रणालीवर प्रत्यक्ष वितरित किती. तरतूद दहा लाख आणि वितरण दोन लाख, असं उत्तर आलं तर अडथळा तुमच्या तालुक्यात नाही, मंत्रालयात आहे. मान्यताच नसेल तर मात्र मंत्रालयाला शिव्या देऊन उपयोग नाही, तुमच्या कामाचा कागदच वर गेलेला नाही. वार्तालापात मंत्री सांगतात तो आकडा सोडा. अर्थसंकल्पीय पुस्तकात गेल्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च वेगळ्या रकान्यात असतो, तेवढा पाहा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. रस्ता पुरता गेला असेल तर दुरुस्ती मागू नका, सुधारणा मागा, म्हणजे प्रस्ताव ५०५४ कडे जाऊ शकेल. हे मी जड मनाने सांगतोय, कारण वर ज्या उताराबद्दल तक्रार केली त्याच उताराने तुम्हाला जायला सांगतोय. पत्र मार्चमध्ये देऊ नका, तेव्हा सगळे वर्षाचा उरलेला निधी खर्ची टाकण्याच्या धावपळीत असतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्यात मागितलेला जादा निधी, येतात, त्यांची जुळवाजुळव त्याआधीच होते. ऑक्टोबर संपायच्या आत आमदाराचं पत्र, अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि रस्त्याचा क्रमांक एकाच फाइलमध्ये लावून द्या, आणि आवक क्रमांकाची पोच हातात घेतल्याशिवाय तिथून हलू नका.